अंटार्क्टिका? आधी जहाज बघा!

गोवा झालं, बँकॉक झालं, युरोपही झाला. आता थेट अंटार्क्टिका? क्या बात है! पण बॉस, बुकिंगआधी ब्रोशरमधल्या पेंग्विनवरून नजर हटवा आणि एकच आकडा शोधा. जहाजावर प्रवासी किती?

कारण सरळ आहे. एका ठिकाणी एका वेळी १०० पर्यटकच उतरू शकतात. जहाजावर २०० जण असतील तर पाळ्या लागतात आणि बर्फावरचा तुमचा वेळ निम्मा होतो. ५०० पेक्षा जास्त असतील तर कुणालाच उतरता येत नाही. डेकवरून बर्फ बघायचा आणि परतायचं. स्वस्तातलं मोठं जहाज महागात पडतं ते असं.

महिना कुठला? सीझन नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबरात कोराकरकरीत बर्फ, डिसेंबरअखेर ते जानेवारीत पेंग्विनची पिल्लं, फेब्रुवारी-मार्चमध्ये देवमासे.

बहुतेक जहाजं अर्जेंटिनातल्या उशुआयाहून सुटतात. पुढे ड्रेक पॅसेजचे सुमारे दोन दिवस म्हणजे पोटाची परीक्षा! केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर घ्या; तिथे हेलकावे कमी. उशुआयाला दोन दिवस आधीच पोचा. तुमची बॅग आली नाही म्हणून जहाज थांबत नाही. आणि इन्शुरन्समध्ये कंजुषी नको. आजारी पडलात तर तिथून बाहेर काढण्याचा खर्च तिकिटापेक्षाही मोठा होऊ शकतो.

पेंग्विनपासून ५ मीटर लांब राहायचं. तोच जवळ आला तर? गुपचूप वाट द्यायची. घर त्याचं, पाहुणे आपण!