आत्याबाईच्या मिशा आणि चॅम्पियनशिपची चांदणी

गेल्या आठवड्यात हापिसच्या कॅन्टीनमध्ये पुन्हा तोच वाद झाला. आमच्या टीममध्ये एक लेब्रॉनभक्त आहे. माणूस चांगला आहे, कोड त्याहून चांगला लिहितो, पण बास्केटबॉलचा विषय निघाला की त्याची सुई २०१५ वर अडकते. "अरे, वॉरियर्सची ती चॅम्पियनशिप खरी नव्हेच. कायरी आणि लव्ह फिट असते ना, तर..."

या 'तर'वर आपल्याकडे फार जुनं उत्तर आहे. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं! पण हा एकटाच नाही. जाहिरातीत 'फुकट' शब्दापुढे चांदणी असते आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'अटी लागू', तशी नावडत्या टीमच्या विजेतेपदापुढे चांदणी काढायची सवय जगभरच्या एनबीए पब्लिकला आहे. मला ही सवय मनापासून खटकते. का, ते आज सविस्तर लिहितो.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षं एनबीएच्या फायनलमध्ये त्याच दोन टीम समोरासमोर आल्या. गोल्डन स्टेट वॉरियर्स आणि क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स. सलग चार वेळा तीच जोडी, हे एनबीएत त्याआधी कधी झालं नव्हतं. वॉरियर्सनी तीन जिंकल्या, कॅव्हेलियर्सनी एक. फायनल म्हणजे सात सामन्यांची मालिका, आधी चार जिंकेल तो चॅम्पियन.

आता २०१५. केविन लव्हचा खांदा पहिल्याच फेरीत निखळला. कायरी अर्व्हिंगच्या गुडघ्याची वाटी फायनलच्या पहिल्या सामन्यात फुटली. उरला लेब्रॉन जेम्स. त्यानं मालिकेत सरासरी ३५.८ गुण काढले आणि तरी टीम ४-२ अशी हरली. इथपर्यंत आमच्या मित्राचं सगळं बरोबर आहे. पण पुढचं तो कधीच सांगत नाही. हीच जखमी टीम तीन सामन्यांनंतर २-१ अशी पुढे होती! वॉरियर्सना काही सुचत नव्हतं. मग त्यांच्या स्टाफमधल्या निक युरेन नावाच्या २८ वर्षांच्या पोरानं सुचवलं की उंच सेंटर बोगटला बसवा आणि आंद्रे इग्वादालाला सुरुवातीपासून खेळवा. इग्वादाला त्या अख्ख्या सीझनमध्ये एकाही सामन्यात सुरुवातीच्या पाचात नव्हता. कोच स्टीव्ह करनं ते ऐकलं, चौथा सामना १०३-८२ असा मारला, पुढचे दोनही जिंकले, आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला इग्वादालाच. एक अवघड प्रॉब्लेम समोर आला आणि तो सोडवला. मग चांदणी नेमकी कशावर काढायची? समोरच्याच्या दुखापतीवर, की यांनी वापरलेल्या डोक्यावर?

बरं, हिशोबच मांडायचा तर दोन्ही बाजूंचा मांडा ना राव. २०१६ घ्या. वॉरियर्सनी सीझनमध्ये ७३ सामने जिंकले, फक्त ९ हरले, शिकागो बुल्सचा ७२ विजयांचा विक्रम मोडला. पण स्टेफ करीचा गुडघा पहिल्याच फेरीत मुरगळला आणि तो काही सामने बाहेर बसला. फायनलमध्ये ३-१ अशी आघाडी असताना ड्रेमंड ग्रीनवर एका सामन्याची बंदी आली. त्याच पाचव्या सामन्यात बोगटचा गुडघा गेला. कॅव्हेलियर्सनी तिथून तिन्ही सामने जिंकले, शेवटचा ९३-८९. फायनलमध्ये १-३ वरून परत येणारी ती पहिली टीम. क्लीव्हलँड शहराला १९६४ नंतर पहिल्यांदा मोठ्या खेळातलं विजेतेपद मिळालं.

आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला तो सामना सुरू झाला होता. घरातले झोपलेले, टीव्हीचा आवाज बंद, आणि मी वॉरियर्सच्या बाजूनं. लेब्रॉननं मागून धावत येऊन इग्वादालाचा चेंडू बोर्डावर दाबला, तेव्हा हातातला कप तसाच राहिला. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण 'करी पूर्ण फिट असता तर' असं मी त्या दिवशी म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. कॅव्हेलियर्स जिंकले, विषय संपला. आमचा मित्र मात्र २०१५ ला चांदणी काढतो आणि २०१६ ला सोन्याची चौकट करतो. याला विश्लेषण म्हणत नाहीत, याला आपल्या सोयीची वही म्हणतात.

आमच्या धंद्यात एक चांगली पद्धत आहे. रात्री सर्व्हर झोपला की सकाळी आरसीए लिहायचा. का झोपला, कुणाच्या चुकीनं, काय बदलायचं, सगळं. पण कारण कितीही योग्य असलं तरी क्लायंटच्या रिपोर्टमधले बंद पडलेले चार तास पुसले जात नाहीत. कारण सांगणं वेगळं आणि वजाबाकी करणं वेगळं. २०१५ मध्ये कॅव्हेलियर्स का हरले याचं कारण दुखापत, शंभर टक्के मान्य. म्हणून वॉरियर्सच्या खात्यातून काही वजा होत नाही.

यावर दुसरा मुद्दा ठरलेला असतो. "पुढच्या वर्षी सगळे फिट होते, तेव्हा खरं काय ते कळलंच की!" म्हणजे रीमॅच हे हायकोर्ट, आधीचा निकाल फिरवणारं. दिसायला छान आहे, पण तपासून बघा. २०१६ च्या फायनलपर्यंत क्लीव्हलँडनं कोच बदलला होता, डेव्हिड ब्लॅट जाऊन टायरन लू आला होता. २०१७ ला वॉरियर्सकडे चक्क केविन ड्युरँट आला होता (निकाल ४-१). २०१८ पर्यंत कायरी बॉस्टनला गेला होता (निकाल ४-०). चार फायनल, त्याच जर्सी, पण टीम दर वेळी वेगळी. मग २०१६ चा निकाल २०१५ ला कसा लागू होणार? आणि होत असेल तर २०१७ चा निकाल २०१६ ला का नाही? तिथे बरोबर मित्रवर्य म्हणतात, "ड्युरँट आला ना, ते नाही धरायचं." झालं!

इथवर हा कॅन्टीनमधला टाइमपास आहे, मला कळतं. पण या हिशोबाची किंमत कोणीतरी मोजतं, आणि ते आपण नसतो.

२०१९ ची फायनल. ड्युरँट पोटरीच्या दुखापतीनं महिनाभर बाहेर. तो खरंच किती जखमी आहे, वॉरियर्स त्याच्याशिवायच चांगले खेळतात का, याच्या चर्चा रोज चालू. टोरंटोविरुद्ध १-३ अशी टीम मागे असताना तो पाचव्या सामन्यात उतरला. १२ मिनिटं, ११ गुण, आणि टाचेमागची अकिलीस नस तुटली. कुणी जबरदस्ती केली असं मी म्हणत नाही. वॉरियर्सचे बॉब मायर्स सामन्यानंतर रडत म्हणाले होते की दोष द्यायचाच तर मला द्या. पुढच्याच सामन्यात क्ले थॉम्पसनच्या गुडघ्याचा लिगामेंट गेला, तरी गडी परत येऊन दोन फ्री थ्रो टाकून गेला. पुढचे दोन सीझन तो खेळू शकला नाही.

२०२५ ला पुन्हा तेच. इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनची पोटरी पाचव्या सामन्यात दुखावलेली. सातव्या सामन्यात पहिल्या काही मिनिटांत त्यानं तीन थ्री पॉइंटर मारले आणि अकिलीस तुटून कोसळला. ओक्लाहोमा सिटी १०३-९१ नं जिंकली. त्यांनी सीझनमध्ये ६८ सामने जिंकले होते, तरी दुसऱ्या दिवशी चांदणी तयार!

हे मला इतकं का लागतं, ते सांगून टाकतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी आमच्या कॉलेजची टीम फायनलला होती. सेमीफायनलमध्ये माझा घोटा मुरगळून टम्म सुजला होता. कॅप्टन म्हणाला, "फायनल रोज येते का? पट्टी बांध आणि खेळ." मलाही खेळायचंच होतं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या हाफमध्ये उडी मारून उतरलो आणि लिगामेंट फाटला. हरलो. पुढच्या वर्षी फायनल पुन्हा त्याच कॉलेजशी. पोरं जिंकली, मी बेंचवर. सगळे मला मिठ्या मारून म्हणत होते, "गेल्या वर्षीचा हिशोब चुकता!" ट्रॉफीच्या फोटोत मीही आहे, साध्या कपड्यांत, हसतोय. पण हिशोब चुकता कसा झाला? घोटा अजून जिना उतरताना दुखतो. आणि ज्या पोरांनी आम्हाला आदल्या वर्षी हरवलं, ती तेव्हा आमच्यापेक्षा चांगली खेळली होती. त्यांची ट्रॉफी त्यांचीच.

हॅलिबर्टननं नंतर लिहिलं की पुन्हा वेळ आली तरी हेच करेन. त्याच्या धाडसाला सलाम. पण 'जखमी होता म्हणून हरले' एवढं साधं वाक्य आपण पराभवाचं कारण म्हणून स्वीकारलं असतं, आणि त्यातून समोरच्याला खोटं ठरवणं थांबवलं असतं, तर कदाचित एखादा खेळाडू एक सामना जास्त बेंचवर बसला असता. कदाचित. (बघा, मीही आत्याबाईला मिशा लावल्याच :-) )

टीमचा वारसा म्हणजे तिची सगळी वर्षं, फुटलेल्या वाट्या आणि तुटलेल्या नसांसकट. वॉरियर्सचं २०१५ खरं, कॅव्हेलियर्सचं २०१६ खरं, टोरंटोचं २०१९ ही तितकंच खरं. २०१९-२० मध्ये ड्युरँट निघून गेलेला, क्ले जायबंदी, करीचा हात मोडलेला, आणि वॉरियर्स १५ जिंकून ५० हरले, तेही खरं. आणि २०२२ ला क्ले परत आल्यावर ते पुन्हा चॅम्पियन झाले, तेही.

सोमवारी कॅन्टीनमध्ये हे सगळं मित्राला ऐकवणार आहे. तो सगळं ऐकून घेईल, चहाचा घोट घेईल आणि म्हणेल, "ते ठीक आहे रे, पण कायरी असता ना, तर..."

असो. तूर्तास इतकंच.