नेट स्लो आहे, मान्य. पण...



होस्टेलमध्ये दोन गोष्टींना शिव्या घातल्याशिवाय दिवस मावळत नाही. एक मेसची आमटी आणि दुसरं वाय-फाय. आमटीबद्दल बोलून काही उपयोग नाही, हे आता सर्वांना कळून चुकलंय. वाय-फायबद्दल मात्र बोलणार आहे, कारण गेल्या वर्षी त्याच्यापायी माझ्या रूम पार्टनरची शिष्यवृत्ती गेली. आणि खरं सांगायचं तर त्यात माझाही हात होता.

फॉर्मची शेवटची तारीख, रात्रीचे साडेदहा. पार्टनर दाखले अपलोड करत बसलेला. मोबाईलवर काढलेल्या रंगीत फायली, एकेक ४ एमबीची. पट्टी अर्ध्यावर जायची, सेशन संपायचं, परत लॉगिन, परत कॅप्चा. समोरच्या कॉटवर मी एका गेमचं अपडेट लावून निवांत पडलो होतो. मजल्यावर प्रत्येक खोलीत मॅच चालू. बारा वाजले, फॉर्म अर्धवटच राहिला. फीचा हप्ता त्याच्या वडिलांनी पतपेढीचं कर्ज काढून भरला. तो मला एका शब्दानेही बोलला नाही, हेच जास्त लागलं.

नंतर समजलं की वाय-फायवर एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. म्हणजे माझं डाउनलोड त्याच्या अपलोडची पाळी खात होतं. इंजिनिअरिंगला असून हे आपल्याला माहीत नसावं?

जरा हिशोब करू. समजा लाईन १०० एमबीपीएसची आणि एका वेळी १०० जण बसलेत. वाट्याला आला १ एमबीपीएस. यातला ‘बी’ बिटचा, बाइटचा नव्हे, हे विसरून आपण भांडत असतो. आठने भागा : सेकंदाला १२५ केबी. १ जीबीला ८००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तास. पण १५० केबीचा दाखला? सव्वा सेकंद! अडचण ४ एमबीची होती. ३०० डीपीआयचं स्कॅन १५० वर आणलं की पिक्सेल चौथा हिस्सा राहतात, रंग काढून ग्रे केलं की फाईल आणखी बारीक होते आणि तहसीलदारांचा शिक्का तरीही नीट वाचता येतो.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आलं. पुढे मोडेम सुधारले तरी फोन लाईनवर फार तर ५६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ७ केबी. त्या काळातले आमचे एक सर सांगतात, मेल आधी घरी लिहून फ्लॉपीवर न्यायची, कॅफेत फक्त पाठवायची. ऑनलाइन असताना विचार करायचा नाही, तो आधीच करून यायचा! मला ही गोष्ट फार पटली. मी आता फॉर्ममधली सगळी उत्तरं नोटपॅडमध्ये लिहून ठेवतो आणि मग लॉगिन करतो. एनपीटीईएलची लेक्चर्स झोपताना ३६० पी वर डाउनलोडला लावतो, फळ्यावरची अक्षरं तेवढ्यातही दिसतात. मोठी फाईल डब्ल्यूगेटने ‘वजा सी’ देऊन उतरवतो. ९० टक्क्यांवर तुटली तरी, सर्व्हरने साथ दिली तर, तिथूनच पुढे चालू होते. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन तर ब्राउझरमध्ये हवंच.

“लाईन वाढवा, प्रश्न मिटेल,” असं म्हणणारे पुष्कळ आहेत. वाढवावी की, माझी ना नाही. पण वाढवलेली लाईन आपण आठ दिवसांत फोर-केमध्ये भरून टाकू, हेही तितकंच खरं.

माझं म्हणणं वेगळंच आहे. वर्गात ६० जण. प्रॅक्टिकलसाठी १ जीबीचं सॉफ्टवेअर प्रत्येकाने वेगवेगळं उतरवलं तर १०० एमबीपीएसची अख्खी लाईन ८० मिनिटं अडते. एकानेच उतरवून लॅनवर ठेवलं तर ८० सेकंद. भंगारात चाललेला एखादा लॅबचा पीसी आणि एक मोठी हार्डडिस्क एवढ्यावर हे भागतं. त्यावर लिनक्सची पॅकेजेस, लेक्चर्स, जुने पेपर ठेवा. किविक्स टाकलं तर इंग्रजी विकिपीडियासुद्धा चित्रांसकट शंभर-सव्वाशे जीबीत मावतो, आणि तो वाचायला नेट लागतच नाही. रेक्टर सरांकडे अर्ज दिलाय. “बघू” म्हणालेत. होस्टेलच्या भाषेत “बघू” म्हणजे काय, ते जुन्या मुलांना विचारा.

आणि स्टाफला एक विनंती, रागावू नका. असाइनमेंटचे प्रश्न फोटो काढून २० एमबीच्या पीडीएफमध्ये पाठवण्याऐवजी टाइप करून पाठवलेत तर आमच्या रात्री वाचतील.

पार्टनरचा यंदाचा फॉर्म शेवटच्या तारखेच्या नऊ दिवस आधी, सकाळी सहा वाजता गेला. सगळे दाखले मिळून ७०० केबी. मी तेव्हा झोपलो होतो, माझा लॅपटॉपही बंद होता. पीसी येईल तेव्हा येईल, तोवर लेक्चर्स माझ्या हार्डडिस्कवर आहेत. पेनड्राइव्ह घेऊन या, मात्र व्हायरस तपासून आणा.