देवाच्या दारातील दावेदार

आमच्या देवस्थानांच्या सभांत 'परंपरा' या शब्दाइतका राबवला गेलेला दुसरा शब्द नसेल. पालखीला पहिला खांदा कोणी द्यावा, तीर्थप्रसाद प्रथम कोणाच्या हाती पडावा, रथाची दोरी कोणत्या वाड्याने ओढावी, गाभाऱ्यात कोणी शिरावे आणि कोणी चौकातूनच हात जोडावे, या सर्व प्रश्नांना उत्तर एकच, परंपरा! हा शब्द उच्चारला गेला की पुढे बोलू इच्छिणाऱ्यास नास्तिक ठरण्याचे भय वाटते. मी नास्तिक नाही. कुलदैवताच्या पायरीशी माझे मस्तक आजही आपोआप लवते. परंतु वकिलीच्या व्यवसायात देवस्थानांचे कागद बरेच वाचावे लागले, आणि त्या वाचनाने एक गोष्ट मनात घट्ट बसली आहे. सभेत ज्याला 'परंपरा' म्हणतात, त्यालाच फिर्यादीच्या दुसऱ्या परिच्छेदात 'मान' म्हणतात, चौथ्यात 'हक्क' म्हणतात, आणि मागणीच्या कलमापर्यंत येता येता त्याचे स्वच्छ 'उत्पन्न' झालेले असते. देवावरील आपली श्रद्धा कमी पडते, ती वाढवून मिळावी, अशी मागणी करणारी फिर्याद अद्याप माझ्या पाहण्यात आलेली नाही.

पंढरपूरचेच उदाहरण घ्या. विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजी महिनोन्महिने महाराष्ट्रभर फिरले, आणि अखेर 1 मे 1947 रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषणास बसले. दहा दिवसांनी मंदिराची दारे उघडण्याचे मान्य झाले. त्या वेळी ज्यांनी विरोध केला ते सर्वच दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. त्यांतील कित्येकांस खरोखरच वाटत होते की देव विटाळेल. मंदिर खुले होण्यापूर्वी मूर्तीतील तेज एका घागरीत काढून घेण्यात आले, अशी हकीगत पंढरपुरात अजून सांगतात. ती खरी मानू. तेज जर घागरीत गेले होते, तर मागे राहिलेल्या पाषाणाच्या पायांवर पडणाऱ्या पैशांशी सेवाधाऱ्यांचा काय संबंध उरला होता? परंतु तो संबंध मात्र तुटला नाही. पायांवरील उत्पन्न गोळा करण्याचा हक्क आपसांत लिलावाने दिला जाई. सरकारने नाडकर्णी समिती नेमली, 1970 साली तिचा अहवाल आला, 1973 साली वंशपरंपरागत हक्क नष्ट करणारा कायदा झाला, आणि त्या कायद्याविरुद्धची झुंज 2014 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय लागेपर्यंत चालली. चार दशके! गुरुजींचे उपोषण दहा दिवसांत संपले. हक्कांचे भांडण दोन पिढ्यांना पुरले. पहिल्या लढ्यात देव विटाळण्याची भाषा होती, दुसऱ्यात मालमत्तेची. लढणारे घराणे तेच. या दोहोंतील खरी भाषा कोणती, हे वाचकांनीच ठरवावे.

(पुढे मंदिरसमितीने पूजाविधीसाठी सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागविले. त्यामुळे चंद्रभागा उलटी वाहू लागल्याचे ऐकिवात नाही.)

पंढरपुरास निदान दार उघडण्याची सुबुद्धी झाली. नाशिकास ती झाली नाही. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या दाराशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, आणि रामाच्या दर्शनासाठी आलेल्या हिंदूंना हिंदूंनीच वर्षानुवर्षे अडवून धरले. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यास बाबासाहेबांनी हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास ती लाखोंच्या साक्षीने पूर्ण केली. धर्मांतराबद्दल आज गळे काढणाऱ्या आमच्या धर्मरक्षकांनी या तीन तारखा एका कागदावर लिहून देवघरात लावाव्यात. काळारामाच्या दाराला अडसर घालणाऱ्यांनी परंपरा राखली खरी. पण माणसे गमावली. बडोद्याच्या सयाजीरावांनी संस्थानची मंदिरे 1932 साली अस्पृश्यांस खुली केली होती, त्रावणकोरच्या महाराजांनी 1936 साली तेच केले. म्हणजे काळच तसा होता, कोणास दुसरे सुचणेच शक्य नव्हते, ही सबबही टिकत नाही. सुचणाऱ्यांना त्याच काळात सुचले होते.

आता आपल्या घराकडे येऊ. कारण पंढरपूरच्या बडव्यांवर आणि नाशिकच्या पुजाऱ्यांवर टीका करताना गोमंतकीय व कोकणस्थ मंडळी मोठ्या उत्साहाने माना डोलावतात. मुलकीच्या श्रीवेंकटरमणाचे देवालय गौड सारस्वतांचे. मद्रासच्या मंदिरप्रवेश कायद्यातून आपले देवालय वगळावे म्हणून विश्वस्त सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तो निवाडा 1958 सालच्या निवाडासंग्रहांत छापलेला आहे आणि कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यास तो वाचावा लागतो. संप्रदायाला आपल्या धर्मव्यवहाराची व्यवस्था पाहण्याचा अधिकार राज्यघटनेच्या सव्विसाव्या अनुच्छेदाने दिला आहे हे न्यायालयाने मानले. पण सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरे सर्व हिंदूंना खुली करण्याची पंचविसाव्या अनुच्छेदातील तरतूद त्याहून वरचढ ठरविली. तथापि काही विशिष्ट विधींच्या वेळी इतरांस बाहेर ठेवण्याची मुभा संप्रदायाकडे राहू दिली. आमचे लोक निवाड्याचा पहिला भाग विसरतात आणि शेवटचा तोंडपाठ म्हणतात. अहो, कायद्याने एक खिडकी उघडी ठेवली म्हणून तिच्यातून हात बाहेर काढून माणसाला ढकललेच पाहिजे, असे कोठे लिहिले आहे? हक्क असणे वेगळे आणि तो बजावणे शोभणे वेगळे. हा फरक आमच्या घरातील वडीलधारी माणसे वाटणीच्या वेळी बरोबर ओळखतात. देवळाच्या पायरीवर तो कसा विसरला जातो, याचे मला नवल वाटते.

अहमदाबादच्या स्वामिनारायण सत्संगाचा दावा याच मार्गाने गेला. 1948 साली दाखल झालेला तो दावा 1966 साली निकालात निघाला, आणि निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी. साताऱ्याच्या, संस्कृत शास्त्राध्ययनाची पिढीजात परंपरा असलेल्या घराण्यातील हा पुरुष. हरिजनप्रवेशाची भीती ही धर्माच्या खऱ्या शिकवणीविषयीच्या अज्ञानातून येते, असा अभिप्राय त्यांनी त्या निकालपत्रात स्पष्टपणे दिला आहे. शास्त्र ज्यांच्या घरात पाणी भरीत होते, त्यांना शास्त्राची भीती वाटली नाही. भीती वाटते ती ज्यांनी शास्त्र उघडलेले नसते त्यांना.

मला ठाऊक आहे, येथे गोमंतकातील महाजन एक प्रश्न विचारतील, आणि तो प्रश्न हलका नाही. ते म्हणतील, "सोळाव्या शतकात आमच्या पूर्वजांनी देव राखले म्हणून आज देऊळ तरी आहे. आमच्या शिस्तीने, आमच्या पैशाने, आमच्या निष्ठेने ही देवस्थाने टिकली. उद्या ती सर्वांच्या हाती दिली तर ती कोणाचीच राहणार नाहीत." या बोलण्यात पुष्कळ सत्य आहे. 1560 नंतरच्या त्या भयंकर वर्षांत कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते नदीपार अंत्रुज महालात नेण्यात आली. घरदार, शेतभाट सोडून देव उचलणाऱ्या त्या माणसांपुढे कोणीही नतमस्तक व्हावे. त्यांच्या वंशजांना अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

पण त्या माणसांनी केले काय, हे एकदा नीट पाहा. प्रतिष्ठित लिंग हलवू नये, हा शास्त्राचा सर्वसाधारण दंडक. त्यांनी ते हलविले. ग्रामदैवत गावाच्या सीमेत राहावे, ही परंपरा. त्यांनी देवाला सीमेपार नेले. आणि नेले कोठे? अंत्रुज महाल तेव्हा विजापूरच्या आदिलशहाच्या अमलाखाली होता. म्हणजे आमच्या कुलदेवतांना पहिला आश्रय मिळाला तो एका मुसलमान सुलतानाच्या मुलखात. त्या रात्री जर कोणी महाजन परंपरेचे पुस्तक उघडून बसला असता, तर आज ना देव उरता ना महाजन. त्यांनी श्रद्धा वर ठेवली, परंपरा खाली ठेवली, आणि स्वतःच्या हिताचा तर विचारच केला नाही. जमिनी मागे टाकूनच ते निघाले होते. या पूर्वजांचे नाव घेऊन आज जो पालखीच्या खांद्यासाठी फौजदारी करतो, तो त्यांचा वारस रक्ताने असेल, वृत्तीने नव्हे.

शिवाय ज्या महाजनकीला आपण अनादि समजतो, तिचे आजचे कायदेशीर रूप किती जुने आहे? महाजनांची संस्था जुनी आहे, यात वाद नाही. परंतु महाजन कोण, त्यांची यादी कशी ठेवावी, सभा कशी भरवावी, मत कोणाला, हे सर्व आज ज्या नियमावलीने चालते ती पोर्तुगीज सरकारने 1933 साली जारी केलेली आहे. महाजनकी पुरुष वंशजांपुरती राखणारी चौकट तिच्यातच आहे, आणि मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक ठरतो तोही तिच्याच आधारे. ज्या राजवटीने आमची देवळे पाडली, तिच्याच राजपत्रातील कलमे आज आम्ही सनातन धर्म म्हणून एकमेकांच्या तोंडावर फेकतो! 19 डिसेंबर 1961 रोजी गोमंतक मुक्त झाला. देवाच्या कारभारावरील ती जुनी मोहर मात्र आम्ही अजून जपून ठेवली आहे. जत्रेचा मान कोणाचा यावरून तंटा होतो, जमावबंदीचा हुकूम निघतो, मामलेदार देवळाला कुलूप लावतो, आणि देव आत एकटा राहतो. असे प्रसंग गोव्यात घडले आहेत. त्या कुलपाबाहेर उभे राहून दोन्ही पक्ष आपापल्या परंपरेचा जयजयकार करीत असतात.

आणि ज्यांचे नाव कोणत्याच यादीत कधी आले नाही, त्यांचे काय? भाविणी, देवळी, कलावंत यांनी पिढ्यान्‌पिढ्या समया उजळल्या, चौघडा वाजविला, देवापुढे गाऊन पालखी मिरवली. त्यांच्या मुलींना देवाच्या नावाने वाहण्यात आले, आणि त्या सेवेचा उपभोग देवाने घेतला नाही, हे सर्वांना ठाऊक होते. तीही परंपराच होती, आणि तिचेही समर्थन सभांत होत असे. मास्टर दीनानाथांनी मंगेशाचे नाव आडनाव म्हणून धारण केले आणि त्यांच्या मुलांनी ते जगभर नेले. परंतु ज्या समाजात दीनानाथांच्या मातोश्री जन्मल्या, त्या समाजाला मंगेशाच्या कारभारात मत नव्हते. मंगेशाची कीर्ती ज्यांच्या कंठाने वाढली ते सेवेकरी, आणि ज्यांनी सभेच्या इतिवृत्तावर सह्या केल्या ते मालक. हे गणित माझ्या कायद्याच्या बुद्धीलाही उमगत नाही; श्रद्धेच्या बुद्धीला कसे उमगावे?

पैठणच्या नाथांनी हे गणित कधीच मोडून ठेवले होते. त्यांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला असता वासाने भुकेले झालेले वाटेवरचे अस्पृश्य कुटुंब त्यांनी तृप्त केले, आणि आमंत्रित ब्राह्मण रुष्ट होऊन गेले, ही कथा आपण कीर्तनात वारंवार ऐकतो व माना डोलावतो. श्राद्ध हा शब्दच श्रद्धेपासून आला आहे. नाथांनी शब्दाचे मूळ पाळले, ब्राह्मणांनी त्याचा विधी पाळला. पण कीर्तनकार ज्यावर फारसा थांबत नाहीत ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. या वागण्याची किंमत नाथांना घरातच द्यावी लागली. परंपरेप्रमाणे त्यांचे पुत्र हरिपंडित, स्वतः विद्वान, बापाच्या या रीतीला कंटाळून काशीस निघून गेले होते. दया ही फुकट नसते. ती करणाऱ्याच्या पदरातून काहीतरी जाते. मान, नाते, उत्पन्न. जिच्यापायी आपले काहीच जात नाही, त्या दयेला आमच्या देवस्थानांत 'अन्नदान' म्हणतात आणि तिची पावती फाडतात.

सरकारने देवस्थाने ताब्यात घ्यावीत, असे माझे म्हणणे नाही. सरकारी कारभाराने देवाचे भले होते यावर माझा विश्वास नाही. परंतु पंढरपूरच्या कायद्याचा धडा स्पष्ट आहे. जे आपण होऊन सोडत नाहीत, त्यांच्याकडून कायदा काढून घेतो, आणि काढून घेताना तो चांगले-वाईट निवडीत बसत नाही. गोमंतकातील महाजनांच्या हाती आजही सभा आहे, आणि देवस्थानाची घटना दुरुस्त करण्याचा ठराव करून सरकारची मान्यता मागण्याचा मार्ग आहे. महाजनांच्या लेकीसुनांना मत द्यावे. पिढ्यान्‌पिढ्या सेवा केलेल्या घराण्यांतील माणसे कार्यकारी समितीवर घ्यावीत. जो कोणी भक्त पायरी चढून येईल, त्याला त्याचे आडनाव न विचारता समान अंतरावरून दर्शन द्यावे. महाजन आत जात असेल तर त्यानेही आत जावे, नाही तर दोघांनीही चौकात उभे राहावे.

यावर कोणी म्हणेल की असा ठराव केला तर उद्याच कोणी महाजन तो न्यायालयात ओढील. ओढील, यात मला शंका नाही. ज्या देवस्थानावर असा ठराव केल्याबद्दल दावा होईल, त्याचे वकीलपत्र मी एक पैही न घेता स्वीकारीन.