बरणीतला हिवताप

हिवतापाचा जीवघेणा परजीवी शरीराबाहेर अखंड वाढवायला 1976 साल उजाडावे लागले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात विल्यम ट्रेगर आणि जेम्स जेन्सन यांनी मानवी तांबड्या पेशींत हा परजीवी, ‘फाल्सिपेरम’, जगवून दाखवला. युक्ती साधीच. काचेच्या हवाबंद भांड्यात पेशींच्या बशा ठेवायच्या, शेजारी मेणबत्ती पेटवायची, ती विझताच झाकणाची तोटी बंद करायची. परजीवीला मानवणारी, कमी ऑक्सिजनची हवा आयती तयार! बाकी उस्तवार आलीच: रोज पोषक द्रव बदला, अधूनमधून ताज्या पेशी घाला, सणावारीसुद्धा. नवे औषध या परजीवीवर चालते की नाही, हे आज जगभर अशाच संवर्धनात आधी पाहिले जाते.

भारताचे दुखणे मात्र यातून निम्मेच हलके झाले. आपल्याकडे सर्रास आढळणारा हिवतापाचा दुसरा परजीवी ‘व्हायवॅक्स’ अजूनही असा अखंड वाढवता येत नाही. त्याला कोवळ्या तांबड्या पेशी लागतात आणि निरोगी रक्तात त्या शेकडा एक-दोनच. शिवाय यकृतात दडी मारून तो काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो. 2030 पर्यंत हिवताप हद्दपार करायचा, तर फवारणी नि मच्छरदाण्यांना पैसा हवाच. पण वर्षानुवर्षे हाती काहीच न लागणारे व्हायवॅक्सच्या संवर्धनाचे काम दोन-तीन वर्षांच्या अनुदानात कसे बसणार? ट्रेगर यांनीही आधी कित्येक दशके परजीवींमागे घालवली होती. रुग्ण आपले, नमुनेही आपल्याच दारात. निदान या एका कामासाठी तरी केंद्राने दहा वर्षांची तरतूद एकदम करावी.