गाडीला अर्थ असावा

माणसाच्या बोलण्याला अर्थ नसला तरी चालते. किंबहुना कित्येक सभा त्यावरच चालतात. गाडीला मात्र अर्थ नसला तर ती जागची हलत नाही, हे ज्ञान मला वयाच्या ६५व्या वर्षी जवळा बाजारला झाले.

औंढ्याला नागनाथाचे दर्शन घेऊन परतताना आम्ही तिथे चहाला थांबलो. पुन्हा निघायच्या वेळी गाडीने 'खट्' म्हणून संप पुकारला. सेल्फ फिरेना.

"अहो, बॅटरी नवी ना ही?" सौ.ने विचारले.

नवीच होती. वर्षातली दुसरी! आमच्या गावच्या गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलली, मग सेल्फ, मग पुन्हा बॅटरी. बदलायचा आता गाडीचा मालकच तेवढा राहिला होता.

मागे हळदीच्या पोत्यांची ट्रॉली हॉर्न वाजवीत उभी. इतक्यात शेजारच्या टपरीतून एक मिस्त्री पोरगा आला. त्याने बॅटरीच्या मायनसपासून इंजिनापर्यंत एक जाड वायर धरली आणि म्हणाला, "काका, मारा सेल्फ." गाडी सुरू!

"बॅटरीला काय बी झालं नाही, काका. हिला अर्थच मिळंना."

आता माझे भांडण ऐका. प्लसच्या लाल वायरीचे आपण जावयासारखे लाड करतो. मायनसची पट्टी मात्र कुठल्याही बोल्टला अडकवून "झालं, साहेब" म्हणतो. अहो, गेलेली वीज परत नको का यायला? मोटारीची चाके रबराची, तेव्हा तिच्या अर्थचा भूमातेशी काही संबंध नाही. जमिनीतून वीज परत आणली ती तारायंत्रवाल्यांनी. म्युनिकच्या स्टाइनहाइलने १८३८ साली. मोटारीत ते काम बॉडीचा पत्रा करतो. पण इंजिन बसते रबरी गाद्यांवर, म्हणून इंजिन आणि बॉडी यांना सांधणारी एक पट्टी लागते. माझ्या गाडीला गेल्या दिवाळीत रंग दिला, तेव्हा ती पट्टी रंगावरच आवळली गेली होती. रंगातून वीज जात नाही.

"पण दिवे तर लागतात!" असे म्हणणारा विद्वान गल्लोगल्ली भेटतो. त्याने जरा हिशेब करावा. दिव्याला पाचेक अँपियर पुरतात. जोडात एक दशांश ओहमचा अडथळा असला तर अर्धा व्होल्ट जातो. दिवा जरा मंद लागतो, एवढेच. सेल्फला शंभरावर अँपियर हवेत. तेवढे द्यायचे तर त्या जोडातच दहा व्होल्ट खर्ची पडतील, आणि बॅटरी तर बाराची! शिवाय अडलेली वीज गप्प बसत नाही. जुन्या गाड्यांत ती क्लचच्या नाही तर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढते आणि केबल तापून जळते. आम्ही दिवसाउजेडी अडकलो, हीच नागनाथाची कृपा.

औषध काय? पोराने बोल्ट काढला, पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, वायरीला नवे थिंबल दाबून बसवले, खाली दातेरी वॉशर घातला, पान्याने आवळले आणि गंज चढू नये म्हणून वरून ग्रीस चोपडले. वीस मिनिटे लागली.

"किती द्यायचे रे?"

"शंभर द्या, काका."

आणि दोन बॅटऱ्यांचे हजारो रुपये निमूट मोजणारा मी काय म्हणालो असेन? "नुसतं घासायचे शंभर?"

सौ.ने माझ्याकडे असे पाहिले की मी गप्प झालो. गॅरेजवाल्याला तरी कशाला शिव्या द्यायच्या? वस्तूचे पैसे आपण देतो, हाताचे देताना आपला जीव जातो. मग तो वस्तूच विकणार! शंभर रुपये दिले. आमच्या गॅरेजवाल्याने जर वर्षापूर्वी एवढेच करून शंभर मागितले असते, तर मी त्याला लुटारू म्हटले असते.