शिक्षकाच्या कमरेला पिस्तूल : संरक्षण कोणाचे, धंदा कोणाचा?

लखनौ : शाळेत गोळीबार झाल्याची बातमी आली की एक उपाय हमखास पुढे केला जातो. शिक्षकांच्या हाती शस्त्रे द्या, म्हणजे मुले सुरक्षित होतील! हा युक्तिवाद अमेरिकेत जन्मला आणि तेथील बंदूकवाल्यांच्या पैशावर पोसला गेला. 20 ऑगस्ट 2025 रोजी काशीपूर येथे नववीतील एका मुलाने जेवणाच्या डब्यात लपवून आणलेल्या पिस्तुलातून शिक्षकावर गोळी झाडली. काशीपूर आज उत्तराखंडात असले तरी 2000 सालापर्यंत उत्तर प्रदेशातच होते. अशा घटनांनी हादरलेल्या पालकांच्या आणि शिक्षकांच्या मनात हा युक्तिवाद सहज घर करू शकतो. शिक्षक संघटनांत काम करणाऱ्या पक्षसभासदांनी त्याचा नीट समाचार घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

त्यासाठी लखनौइतके बोलके शहर शोधून सापडणार नाही. सशस्त्र शाळेचा प्रयोग येथे 1857 सालीच झालेला आहे. ला मार्टिनिएर शाळेचे शिक्षक आणि साठाहून अधिक विद्यार्थी त्या वर्षी रेसिडेन्सीत इंग्रजांच्या बाजूने वेढ्यात होते. मोठ्या मुलांच्या हाती बंदुका आल्या. धाकटी मुले निरोप पोहोचवीत, जखमींची शुश्रूषा करीत, धान्य दळीत. या कामगिरीबद्दल शाळेला पुढे युद्धसन्मान मिळाला आणि त्याचे कौतुक आजही होते. परंतु त्या पाच महिन्यांत तेथे शाळा उरली होती काय? उरली होती ती पलटण. परकीय सत्तेच्या रक्षणासाठी मुलांना तटबंदीवर उभे करण्यात आले होते. शस्त्र शाळेत आले की शाळेचे काय होते, हे ज्यांना पाहावयाचे आहे त्यांनी गोमतीकाठच्या त्या भग्न इमारतींतून एकदा फेरी मारावी.

बंदूक येते कोठून?

शस्त्राच्या पुरस्कर्त्यांना हा साधा प्रश्न विचारला की ते विषय बदलतात. 2007 च्या डिसेंबरात गुरुग्राम येथील एका खाजगी शाळेत आठवीतील मुलांनी वर्गबंधूला गोळ्या घालून ठार केले. पिस्तूल एका मुलाच्या बापाचे, परवान्याचे होते. 2018 च्या जानेवारीत यमुनानगर येथे बारावीतील विद्यार्थ्याने मुख्याध्यापिकेचा खून केला, तेव्हाही रिव्हॉल्व्हर बापाचेच होते. जून 2022 मध्ये खुद्द लखनौत सोळा वर्षांच्या मुलाने वडिलांच्या परवान्याच्या पिस्तुलाने आईचा जीव घेतल्याची घटना घडली. 2024 च्या जुलैत बिहारमधील सुपौल येथे तर पाच वर्षांच्या बालकाने दप्तरातून पिस्तूल आणले आणि तिसरीतील मुलाला जखमी केले. या साऱ्या घटनांत शस्त्र घरातील कपाटातून किंवा उशीखालून निघाले आहे. ते तेथे ठेवले होते तेही नेमक्या ‘संरक्षणासाठीच’!

केंद्रीय गृहखात्याच्या आकडेवारीनुसार 2016 अखेर देशात सुमारे 33 लाख 69 हजार शस्त्रपरवाने होते. त्यांपैकी 12 लाख 77 हजार एकट्या उत्तर प्रदेशात होते. महाराष्ट्रात ही संख्या 84 हजारांच्या घरात होती. देशाच्या लोकसंख्येचा सहावा हिस्सा असलेल्या राज्यात एक तृतीयांशाहून अधिक परवाने! बंदुका जर सुरक्षितता देत असत्या तर उत्तर प्रदेश हे देशातील सर्वांत निर्धास्त राज्य ठरावयास हवे होते. वस्तुस्थिती काय आहे ते तेथील शेतमजुराला विचारावे.

अवधच्या मुलखात दुनळी ही सरंजामी प्रतिष्ठेची खूण आहे. 1878 च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी सर्वसामान्य भारतीयांना निःशस्त्र केले आणि मर्जीतील बड्या जमीनदारांना सवलती दिल्या. तालुकदारी कायद्याने गेली, पण बंदुकीचा तोरा तसाच राहिला. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणारा, ठेकेदारी आणि निवडणूक दोन्ही बंदुकीच्या धाकावर जिंकणारा, हाच त्या तालुकदाराचा आजचा वारस. परवाना ही प्रशासनाच्या हातची खिरापत कशी बनते याचा नमुना 2004 साली पाहावयास मिळाला. या राज्याच्या काही जिल्ह्यांत नसबंदीसाठी माणसे आणून देणाऱ्यास बंदुकीचा परवाना देण्याची योजना निघाली होती. मजुराच्या शरीराच्या मोबदल्यात मालकाच्या खांद्यावर बंदूक! याहून उघडा वर्गीय व्यवहार दाखवून देता येणार नाही.

परवान्याच्या शस्त्रांबरोबर गावठी कट्ट्यांचा बाजारही आहे. सप्टेंबर 2022 मध्ये लखनौशेजारच्या सीतापूर जिल्ह्यात बारावीतील विद्यार्थ्याने प्राचार्यांवर गोळ्या झाडल्या त्या कट्ट्यातूनच. तो बाजार पोलिसांच्या डोळ्यांदेखत चालतो. शिक्षकाला पिस्तूल दिल्याने त्यातील एकही भट्टी विझणार नाही.

साम्राज्यवादी मायभूमीतील अनुभव

ज्या देशातून हे औषध आयात होत आहे तेथे रोग बरा झाला काय? 2012 च्या डिसेंबरात सँडी हूक येथील शाळेत 20 मुले आणि 6 कर्मचारी मारले गेले. आठवडाभरातच बंदूकवाल्यांच्या राष्ट्रीय रायफल संघटनेने प्रत्येक शाळेत सशस्त्र माणूस ठेवण्याची मागणी केली. पुढे 2018 मध्ये पार्कलँड येथे 17 जण ठार झाले, तेव्हा शाळेवर नेमलेला सशस्त्र पोलीस बाहेरच थांबून राहिला होता. त्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काय धडा घेतला? शिक्षकांना शस्त्रे द्यावीत! मे 2022 मध्ये टेक्सासमधील युवाल्डी येथे 376 पोलीस व अधिकारी गोळा झाले आणि वर्गात शिरण्यास त्यांना 77 मिनिटे लागली. 19 मुले आणि 2 शिक्षिका प्राणास मुकल्या. जे प्रशिक्षित, चिलखतधारी शिपायांना जमले नाही ते गणिताच्या बाईंनी करून दाखवावे अशी अपेक्षा! त्याच वर्षी ओहायो राज्याने शस्त्रधारी शिक्षकांच्या प्रशिक्षणाची मर्यादा सातशेहून अधिक तासांवरून 24 तासांवर आणली. प्रत्येक हत्याकांडानंतर बंदुकांचा खप वाढावा अशीच ही रचना आहे.

शेजारच्या पाकिस्तानचा अनुभव अधिक गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण तेथील धोका खरा होता. पेशावरच्या शाळेवर 16 डिसेंबर 2014 रोजी तालिबानी नराधमांनी हल्ला चढवून शंभराहून अधिक मुलांची कत्तल केली. त्यानंतर खैबर पख्तुनख्वा प्रांताच्या सरकारने शिक्षकांना शाळेत शस्त्र बाळगण्याची मुभा दिली. प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने विरोध केला, तो जुमानला गेला नाही. 2015 मध्येच स्वातमध्ये एका शिक्षकाच्या हातून बंदूक साफ करताना गोळी सुटली आणि विद्यार्थी ठार झाला. जानेवारी 2016 मध्ये चारसद्दा येथील विद्यापीठावर हल्ला झाला तेव्हा रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाने आपल्या पिस्तुलाने अतिरेक्यांना तोंड दिले. काही विद्यार्थ्यांना त्यामुळे निसटता आले आणि तो स्वतः मारला गेला. त्याच्या शौर्यापुढे कोणीही नतमस्तकच होईल. पण पेशावरनंतर वर्षभर उलटूनही एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला पहारेकऱ्याचे काम करावे लागले, ही त्या राज्यसंस्थेची दिवाळखोरी आहे.

मास्तरावर आणखी एक वेठ

उत्तर प्रदेशातील प्राथमिक शिक्षक आधीच काय काय वाहतो आहे? जनगणना, मतदार याद्या, निवडणुका, पोषण आहाराचा हिशेब. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने अशैक्षणिक कामांना बंदी केली, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकांना वगळून. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाच्या ऐन लाटेत पंचायत निवडणुकांच्या कामाला शिक्षक जुंपले गेले. शिक्षक संघटनेने 1,621 मृतांची यादी दिली. सरकारने प्रथम मान्य केले ते फक्त 3 मृत्यू! दीड लाखाच्या आसपास शिक्षामित्रांचे समायोजन 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात रद्द झाले, तेव्हा लखनौच्या रस्त्यांवर उतरलेल्या या माणसांची बोळवण दरमहा 10 हजार रुपये मानधनावर करण्यात आली. 16 जून 2025 च्या आदेशाने कमी पटाच्या हजारो शाळा दुसऱ्या शाळांत विलीन करण्याचा घाट घातला गेला. ज्या सरकारला खेड्यात शाळा परवडत नाही, त्याच्या भरवशावर शिक्षकाने पोराबाळांसाठी छातीवर गोळी झेलावयाची, आणि नेम चुकला तर खुनाचा खटलाही त्यानेच लढवावयाचा!

आणखी एक कटू गोष्ट बोलावीच लागेल. वर्ग हा समाजापासून अलग नाही. ऑगस्ट 2023 मध्ये मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका शाळेत शिक्षिकेने मुस्लिम मुलाला वर्गातील इतर मुलांकडून थपडा मारविल्या. त्याचे चित्रीकरण साऱ्या देशाने पाहिले. त्याआधी वर्षभर, औरैया येथे परीक्षेतील चुकीबद्दल शिक्षकाने मारहाण केल्याचा आरोप झाला आणि तो दहावीतील दलित विद्यार्थी पुढे दगावला. बहुसंख्य शिक्षक असे नाहीत, हे त्यांच्या संघटना बांधणाऱ्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. परंतु जातीयवादाचे विष जेथे टेबलामागे जाऊन बसले आहे, तेथे त्या टेबलाच्या खणात पिस्तूल ठेवण्याची कल्पना दलित आणि अल्पसंख्य पालकांना कशी वाटेल याचा विचार या सूचनेच्या पुरस्कर्त्यांनी केलेला दिसत नाही.

कोणी म्हणेल, तेलंगणातील सशस्त्र लढ्याचा वारसा सांगणाऱ्यांनी शस्त्रांना एवढे का बिचकावे? तेलंगणात शेतकऱ्यांनी निजामाच्या रझाकारांविरुद्ध आणि देशमुखांविरुद्ध संघटितपणे शस्त्र उचलले. शिक्षकाच्या खणातील पिस्तुलामागे ना संघटना आहे ना चळवळ. त्यामागे आहे ती प्रत्येकाने आपापले पाहून घ्यावे ही भांडवलदारी शिकवण. या दोहोंची गल्लत करणे हा निव्वळ कावा आहे.

शिक्षक संघटनांनी मागावयाचे ते वेगळे आहे. प्रत्येक शाळेला कायम नोकरीचा चौकीदार आणि कुंपणाची भिंत हवी. रिक्त पदे भरली जावीत, म्हणजे चिडलेल्या, घाबरलेल्या मुलाशी बोलावयास शिक्षकाला उसंत मिळेल. छडी आणि थप्पड बंद व्हावी. काशीपूरच्या मुलाला त्यापूर्वी शिक्षकाने थप्पड मारल्याचे वृत्त होते, आणि त्याने गोळीचे समर्थन होत नसले तरी ते दडपून चालणार नाही. कट्ट्यांच्या कारखान्यांवर धाडी पडाव्यात. राहिला प्रश्न घरोघरच्या परवान्यांचा. शस्त्र कुलुपात, मुलांच्या हाताबाहेर ठेवण्याची अट 2016 च्या शस्त्र नियमांत आहेच, आणि अट मोडणाऱ्याचा परवाना रद्द करण्याचा अधिकार 1959 च्या कायद्याने परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला दिलेला आहे. गेल्या पाच वर्षांत लखनौ जिल्ह्यात किती कपाटे तपासली गेली आणि त्यासाठी किती परवाने रद्द झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारण्याचे काम तेथील शिक्षक आघाडीला उद्यापासून हाती घेता येईल.