विज्ञानविचार : चिमुकल्या प्रयोगशाळेचा पंप

टपालाच्या तिकिटाएवढ्या कांचेच्या किंवा रबराच्या चिपेवर रक्ताची परीक्षा करतां येते, ही वार्ता आमच्या पुष्कळ वाचकांनीं ऐकली असेल. १९७९ सालीं स्टॅनफर्ड येथें सिलिकॉनच्या पातळ चकतीवर वायूंच्या पृथक्करणाचें यंत्र कोरण्यांत आलें. १९९० मध्यें आंद्रेआस मान्झ व त्यांचे सहकारी यांनीं संबंध रासायनिक पृथक्करणच अशा चिपेवर आणण्याची कल्पना मांडली. तेव्हांपासून या चिमुकल्या प्रयोगशाळेचा बोलबाला आहे. पण तिचें एक वर्म सहसा सांगण्यांत येत नाहीं. चिप तळहातावर मावते खरी. परंतु तिच्या केशासारख्या नाल्यांतून थेंब पुढें ढकलणारीं पिचकारीयंत्रें, हवेच्या टाक्या व नळ्या मांडल्या कीं टेबल भरून जातें! हा सरंजाम खेड्यांतील दवाखान्यांत कोठून यावा?

नळीचा व्यास निम्मा केला, तर तितकाच प्रवाह नेण्यास सोळापट दाब लागतो. प्वाझय नांवाच्या फ्रेंच वैद्यानें एकोणिसाव्या शतकांत शोधिलेल्या नियमाचें हें फळ होय. तेव्हां पंपावांचून सुटका नाहीं.

गाईची धार काढणाराचा हात आपण पाहिला असेल. आंगठा व तर्जनी यांनीं सड वरून आवळला जातो, मग मधलें बोट मिटतें, मग त्याखालचें. त्यामुळें दूध मागें न फिरतां खालींच उतरतें. २००० सालीं स्टीफन क्वेक व त्यांचे सहकारी यांनीं रबरी चिपेंत हेंच साधलें. एका नालीवर तीन झडपा ओळीनें मिटविल्या, कीं द्रव पुढें सरकतो. मात्र त्यांचीं बोटें दाबलेल्या हवेचीं होतीं, म्हणजे टाकी व नळ्या आल्याच.

आतां हवेऐवजीं लोहचुंबक योजून पाहा. नालीवर सिलिकोन रबराचा पातळ पडदा, त्यावर मिऱ्याएवढे तीन नियोडिमियमचे लोहचुंबक, आणि चिपेखालीं खेळण्यांतल्या मोटारीवर फिरणारी, लोहचुंबक जडविलेली चकती, एवढेंच साहित्य! चकती फिरूं लागली कीं वरचे लोहचुंबक पाळीपाळीनें खालीं ओढले जातात व पडदा नाली मिटवीत जातो. यांतील खरी खुबी स्वस्ताईहूनही निराळी आहे. रक्ताचा स्पर्श फक्त रबरास होतो. चिप फेंकून द्यावी. मोटार आपली सोंवळ्यांतच राहते, व दुसऱ्या रोग्याच्या परीक्षेस तशीच चालते.

अडचणी आहेतच. वरचे तीन लोहचुंबक फार जवळ आणले तर आपसांतच चिकटूं पाहतात. अंतर थोडें वाढलें तरी ओढ झपाट्यानें घटते, म्हणून चिपेचा तळ पातळ हवा. प्रवाह अखंड न राहतां ठोक्याठोक्यानें येतो; रंग पाहून करावयाच्या कित्येक परीक्षांस त्याची बाधा नाहीं, सूक्ष्म मोजमापास मात्र आहे. शिवाय साधा नियोडिमियम लोहचुंबक सुमारें ८० अंश सेल्सिअसच्या वर आपलें बळ गमावूं लागतो. जंतूंचा जनुकीय माग काढण्याच्या एका प्रचलित रीतींत द्रव ९५ अंशांपर्यंत तापवावा लागतो. तेथें पंप त्या तापल्या जागेपासून दूर ठेवावा.

शाळेंतील मुलांनीं असा पंप अवश्य करून पाहावा, पाण्यांत रंग घालून. मात्र हे लोहचुंबक तान्ह्या भावंडांच्या हातीं लागूं देऊं नयेत. दोन गिळले गेले तर ते आंतड्याच्या पदरांना मध्यें धरून एकमेकांस चिकटतात व आंतड्यास भोंक पडतें. तशी नुसती शंका आली तरी मूल तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें.